बेकार हात आणि जमिनीचा भाव

बेकारी वाढली की गुन्हे वाढतात, असं आपण सहज बोलून जातो. पण २००९च्या ऑक्टोबरात अमेरिकेतली बेकारी १० टक्क्यांवर गेली आणि त्याच वर्षी तिथले खून, दरोडे, चोऱ्या कमी झाल्या. मग मुंबईतल्या आपल्या गिरणगावात काय घडलं?

१८ जानेवारी १९८२ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे जवळजवळ अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. घरात आधी डोरलं गहाण पडलं, मग वाण्याने उधारी बंद केली, मग थोरल्याची शाळा सुटली. जेवणारेच गावाला निघून गेल्यावर खानावळ चालवणाऱ्या बायकांच्या चुलीही थंडावल्या. साचेखात्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस भाजीची पाटी घेऊन बसला, कुणी वॉचमन झाला. गुन्ह्याकडे वळले ते फार थोडे. सिनेमावाल्यांना हे सोयीचं नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

शिवाय टोळ्या काही संपाने जन्माला घातल्या नाहीत. रामा नाईक, बाबू रेशीम ही नावं भायखळा-आग्रीपाड्यात त्याआधीच दबक्या आवाजात घेतली जायची. संपाने त्यांना नाक्यावर रिकामी बसलेली पोरं मिळवून दिली, एवढं खरं. पण नुसत्या रिकाम्या पोरांवर टोळी पोसली जात नाही. तिला पैसा लागतो, आणि कंगाल झालेल्या वस्तीतून हप्ता तरी किती निघणार?

मोठा पैसा आला तो जमिनीतून. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. आता युनियन कुणाच्या ताब्यात, विक्रीला संमतीची सही कुणाची, याला किंमत आली. ७ मे १९९४ला खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा भररस्त्यात खून झाला. गिरणी भायखळ्याहून हलवून जमीन विकण्याचा वाद तेव्हा पेटलेला होता. पोरं बेकारीने पुरवली, सुपारी मात्र जमिनीच्या तेजीने दिली, असं माझं मत आहे.

त्याच नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते: एक मालकाला, एक मोकळ्या मैदानांना, एक म्हाडाच्या घरांना. म्हणजे त्या तेजीत वाटा मिळण्याचा एक सरळ मार्ग चाळीतल्या माणसालाही होता. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरतीच उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला.