हात दहा मिनिटांत बरा झाला, तरीही...

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, “ताई, तुमची सगळी नोकरी स्कॅनच्या खोलीत गेली, तर आरोग्यावर दहा मिनिटं बोला.” मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका रुग्णालयात तंत्रज्ञ म्हणून ३१ वर्षं काम केलं. आधी एक्स-रे, मग सीटी, शेवटी एमआरआय. आज बोलणार आहे ते मेंदूच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांबद्दल, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

जुन्या सभासदांना आठवत असेल, ए विंगच्या चौथ्या मजल्यावर एकदा पाणी येईनासं झालं होतं. टाकी भरलेली, पंप ठीक. शेवटी प्लंबरने जुना लोखंडी पाइप कापून दाखवला. बाहेरून चांगला जाड पाइप, आत मात्र गंजाचे थर साचून पाण्याला करंगळीएवढीच वाट उरलेली. आपल्या मानेतून मेंदूकडे चार मुख्य रक्तवाहिन्या जातात, दोन पुढून आणि दोन मागून. वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कोलेस्टेरॉल यांमुळे त्यांच्या आतही असेच थर बसतात. त्या थरावर रक्ताची गुठळी धरते. गुठळीने वाट बंद केली किंवा तिचा तुकडा पुढे जाऊन अडकला, की पक्षाघाताचा झटका येतो. पाइप कापून बघता येतो, मेंदूची नस कापून बघता येत नाही. म्हणून तिचं चित्र काढावं लागतं.

हे चित्र काढायची वाट १९२७ साली पोर्तुगालमध्ये एगास मोनिझ या डॉक्टरांनी दाखवली. मानेच्या रक्तवाहिनीत एक्स-रेवर दिसणारं औषध सोडून त्यांनी मेंदूतल्या नसांचं जाळं फिल्मवर आणलं. आजची अँजिओग्राफी ही त्याचीच पुढची पायरी.

आता घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आपल्या गणपतीत सत्यनारायणाच्या पूजेला आमचे हे बसणार होते. सकाळी चहा घेताना यांच्या उजव्या हातातून कप सुटला. बोलायला गेले तर जीभ जड. मी घाबरले. पण दहा मिनिटांत हात उचलता आला, शब्द नीट आले. हे म्हणाले, “मला काही झालेलं नाही. पूजा होऊ दे, लोक खोळंबतील.” आणि मी ऐकलं! असं येऊन जाणारं दुखणं म्हणजे मोठ्या झटक्याची सूचना असते, पहिले दोन दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, हे मी रोज डॉक्टरांच्या तोंडून ऐकत होते. पण माणूस स्वतःचा असला की आपण बरं वाटण्यावरच विश्वास ठेवतो.

संध्याकाळी प्रसाद वाटताना तोच हात पुन्हा लुळा पडला. सी विंगच्या मुलाने गाडी काढली, वॉचमनकाकांनी धावत जाऊन गेट उघडलं. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

रुग्णालयात पहिला साधा सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट नॉर्मल. इथे बरेच जण सुटकेचा श्वास टाकून घरी जातात, म्हणून नीट ऐका. साध्या सीटीत रक्तस्राव लगेच कळतो, पण नस अरुंद आहे का ते कळत नाही, आणि ताजा छोटा झटकाही निसटू शकतो. डॉक्टरांनी एमआरआय आणि त्यातच अँजिओग्राफी सांगितली. डाव्या बाजूच्या मधल्या नसेची रेघ सलग दिसायला हवी होती, ती एका जागी दोऱ्यासारखी झाली होती. मेंदूत तांदळाच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका होता. तेवढा भाग गेला होता. दुसऱ्यांची अशी चित्रं मी हजारो पाहिली होती. त्या दिवशी पडद्याकडे बघवेना.

तपासण्यांची थोडी ओळख करून देते. मानेचा डॉपलर म्हणजे सोनोग्राफी. सुई नाही, किरण नाहीत, पण नसेचा मानेतलाच भाग नीट दिसतो. सीटी अँजिओग्राफीत शिरेतून औषध देतात, काही मिनिटांत मानेपासून डोक्यापर्यंतच्या नसा दिसतात. किडनीचा त्रास, आधी आलेली रिअॅक्शन, मधुमेहाच्या गोळ्या हे आधी सांगावं. एमआर अँजिओग्राफी इंजेक्शनशिवायही होते, मात्र कधी कधी ती अरुंदपणा आहे त्यापेक्षा जास्त दाखवते; पेसमेकर असेल तर आवर्जून सांगा. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीत सगळ्यात स्पष्ट दिसतं, पण तिच्यात थोडी जोखीम असते, म्हणून ती गरज असेल तरच.

चित्र कशासाठी? उपचार ठरवण्यासाठी. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ साली आले. झटक्याची लक्षणं येऊन गेलेली आणि मानेतली नस ७० टक्के किंवा अधिक अरुंद, अशा रुग्णांत नुसत्या औषधांवर शंभरातल्या २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला. शस्त्रक्रियेने नस साफ केलेल्यांत ९ जणांना. कवटीच्या आतल्या नसेचं गणित वेगळं निघालं, आणि आपल्या आशियाई लोकांत हाच प्रकार जास्त आढळतो. २०११ साली अमेरिकेतल्या अभ्यासात तिथे स्टेंट घातलेल्या १४.७ टक्के रुग्णांना पहिल्या ३० दिवसांत झटका किंवा मृत्यू आला, काटेकोर औषधोपचारावर असलेल्यांत ५.८ टक्क्यांना. म्हणून यांना स्टेंट घातला नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबावर नजर, आणि चाळीस वर्षांची तंबाखूची डबी बंद. हे आज पहिल्या रांगेत बसलेत. फक्त शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. त्या सकाळी लगेच निघालो असतो, तर कदाचित लागला नसता.

कमिटीत एक सूचना आली होती की रौप्यमहोत्सवानिमित्त सगळ्यांचा डॉपलर स्वस्तात करून घेऊ. मी नको म्हटलं. काहींना राग आला असेल. काही लक्षणं नसलेल्या माणसांची अशी सरसकट तपासणी करू नये, असंच तज्ज्ञ सांगतात. त्यातून नको ती भीती, नको त्या शस्त्रक्रिया मागे लागतात. त्याऐवजी दर महिन्याला क्लबहाउसमध्ये रक्तदाब तपासू. मशीन मी देते, मोजायलाही मी बसते.

आणि एवढं लक्षात ठेवा. तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, एकाएकी एका डोळ्याने दिसेनासं झालं, तोल गेला, की घड्याळ बघा आणि निघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आपोआप बरं वाटलं तरी निघा. पूजा, लग्न, मीटिंग, कुणासाठी थांबू नका. रात्री दोन वाजता आमची बेल वाजवलीत तरी चालेल. बी विंग, दुसरा मजला.