गप्प बसलेलं मूल

(चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी येथे तरुण-तरुणींसमोर मांडलेलं मनोगत)



बारावीनंतर मी बालशिक्षणाचा कोर्स घेतला, तेव्हा घरात एकच सवाल होता, "पोरं सांभाळायला कसला आलाय कोर्स? ते तर दादीलाही येतं." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज देते.

सरावासाठी मी एका अंगणवाडीत जायचे. तिथं चार वर्षांचा एक मुलगा महिनाभर एक शब्द बोलला नाही. गाणी सुरू झाली की भिंतीकडे तोंड करायचा. मी वहीत लिहिलं, 'प्रतिसाद नाही.' एक दिवस खिचडी वाढताना माझ्या तोंडून सहज गेलं, "और होना क्या रे?" तो मान खाली घालूनच म्हणाला, "नक्को. पेट भर गया."

मूल मुकं नव्हतं. त्याच्या घरच्या बोलीत त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. माझीही बोली तीच, पण 'बाई' झाल्यावर मी ती दाराबाहेर ठेवून आले होते. लहानपणी वर्गात मी "पानी होना" म्हणाले, तेव्हा सगळे हसले होते. त्यानंतर किती तरी दिवस मी तहान दाबून बसायचे. तरीही मी तेच केलं.

खरं तर 'नक्को' हा दखनीतला शब्द मराठीच्या 'नको'मधूनच आलेला. 'अब्बीच'मधला 'च'सुद्धा मराठीचाच. म्हणजे आपलं मूल मराठीच्या उंबरठ्यावरच उभं असतं. त्याला हसायचं नाही, हात द्यायचा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. माँटेसरीची महागडी साधनं खेड्याला परवडणार नव्हती, तिथं पानं, बिया, शिंपले वापरले. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' देशभर पोचली. मूल जिथं आहे तिथं आपण जायचं, हा त्यांचा धडा. मला वाटतं, बोलीसुद्धा मुलाचं अंगणच आहे.

म्हणून आता मी पहिल्याच आठवड्यात प्रत्येक आईला विचारते, घरी पाण्याला, भुकेला, शीला काय म्हणतात? चिंचोके मोजताना दोन्ही बोलींत मोजते. गोष्ट आधी त्यांच्या बोलीत सांगते, मग मराठीत.

दादीकडे माया आहे, ती कुठल्याच कोर्समध्ये मिळत नाही. पण गप्प मुलाला 'मठ्ठ' म्हणण्याआधी थांबायचं, बघायचं, कारण शोधायचं, हे शिकावं लागतं. मुलींनो, शिका. आणि मुलांनो, हे काम फक्त बायकांचं समजू नका. आज घरी गेलात की धाकट्याजवळ जमिनीवर बसा. त्याला बोलू द्या. आपण ऐकू.