पाटी गेली, पायंडा उरला

(माथेरान इथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



‘कंपन्यांची नोकरभरती आणि आकडेवारी’ हा विषय ऐकून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आकडे म्हणजे मालकांचं आणि सरकारचं काम, आपल्याला त्याचं काय? पण मोजणं आपल्या चळवळीला नवं नाही. १९७४ सालचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ अहवाल आठवा. १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या, १९७१ मध्ये ९३० उरल्या. हा आकडा समोर आला तेव्हा ‘बायकांचं सगळं ठीक चाललंय’ असं म्हणायची सोय राहिली नाही.

त्याच १९७४ सालची पुण्याची गोष्ट. टेल्को कंपनीची इंजिनिअर हवेत अशी जाहिरात होती आणि त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना सरळ पोस्टकार्ड टाकलं. त्यांना मुलाखतीला बोलावलं गेलं आणि नोकरीही मिळाली.

एका पोस्टकार्डावर हे झालं, कारण मनाई उघड छापलेली होती. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीतला भेदभाव बेकायदा ठरवला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता आली, तिच्यातही ही तरतूद आहे. त्यामुळे आता तशी पाटी सहसा कुणी लावत नाही. पाटी गेली, पण पायंडा उरला. न लिहिलेल्या मनाईविरुद्ध पोस्टकार्ड कुणाला टाकणार? म्हणून मोजावं लागतं.

मी कर्जत-खालापूर भागात काम करते. खोपोली, पाताळगंगा पट्ट्यातल्या कारखान्यांच्या ऑफिसात एक उत्तर हमखास ऐकायला मिळतं: “आम्ही कुठे नाही म्हणतो? बायकाच येत नाहीत.” आणि गेटबाहेर पोरी सांगतात, “ताई, अर्ज दिला, पण बोलावणंच आलं नाही.” दोघांतलं कोण खरं, ते वाद घालून ठरत नाही. नोंद बघितली की ठरतं.

भरतीला चार दारं असतात. अर्ज, मुलाखतीचं बोलावणं, निवड आणि वर्षभरानंतरही कामावर असणं. प्रत्येक दाराशी बाया किती, पुरुष किती, एवढंच मोजायचं. समजा, शंभर अर्जांत चाळीस बायांचे आहेत. बोलावलेल्या तिसांत त्या सहाच आहेत. म्हणजे ‘बायकाच येत नाहीत’ हे खोटं. त्या आल्या होत्या, तुम्ही त्यांना दुसऱ्या दारात अडवलंत. उलट शंभरांत अर्जच पाच असतील, तर जाहिरात कुठे लागली, भरती ठेकेदाराच्या ओळखीने झाली का, पाळी सुटल्यावर घरी जायला गाडी आहे का, ते विचारायचं. निवड होऊनही वर्षभरात बाया गळत असतील, तर संडास, पाळणाघर आणि सुपरवायझरची वागणूक तपासायची. गळती कुठे आहे ते कळलं की भांडायचं कुणाशी तेही कळतं.

याच मोजणीतून भरती सुधारतेही. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे आणि आपसात चर्चा करण्याआधी प्रत्येकाने गुण लिहून ठेवायचे. जे काम करायचंय त्याचाच छोटा नमुना करून घ्यायचा. अशा मुलाखतीतून माणूस काम कसं करील याचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा चांगला येतो, हे अनेक वर्षांच्या अभ्यासांतून दिसलंय. नुसती अनुभवाची वर्षं मोजून मात्र फारसं काही कळत नाही. बाळंतपणात चार वर्षं घरी राहिलेल्या बाईसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! आणि ‘लग्न कधी? मूल कधी?’ हे प्रश्न या यादीत बसतच नाहीत. बाया किती हे मोजा. तिची कूस मोजायचं कारण नाही.

आता दुसरी बाजू. आकडा आपोआप न्याय देत नाही. अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१४ पासून अर्ज निवडणारी एक संगणक-प्रणाली तयार करायला घेतली. शिकवण्यासाठी तिला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज दिले. ते बहुतेक पुरुषांचे होते. यंत्र त्यावरून शिकलं की चांगला उमेदवार म्हणजे पुरुष. अर्जात ‘महिला’ असा शब्द आला, समजा महिला बुद्धिबळ मंडळाची कप्तान, की ते गुण कापू लागलं. शेवटी कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. यंत्राच्या मनात आकस नव्हता. त्याने जुना पायंडा इमानाने गिरवला, इतकंच.

हे लांबचं वाटत असेल तर इथलंच बघा. आपण दस्तुरी नाक्यावर गाड्या सोडून वर आलो. इथे माणसं हातरिक्षा ओढत आली आहेत. ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि केवडियाच्या धर्तीवर ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने द्यायला सांगितल्या. खरे ओढणारे कोण, ते समितीने ठरवायचं. त्यांचा हक्क पहिला, याबद्दल वाद नाही. पण रोजगाराची यादी फक्त जुन्या परवान्यांवरून केली असती तर तिच्यात बाई आली असती का? जी नोंदीतच नाही तिला नोंद कशी निवडणार? न्यायालयाने उरलेल्या रिक्षा गरजेप्रमाणे आदिवासी स्त्रियांना आणि परिसरातल्या इतरांना देण्याचं म्हटलं, म्हणून दार किलकिलं झालं. पायथ्याच्या वाड्यांतून चढून येऊन मजुरी करणाऱ्या बायांपर्यंत ते पोचतं की नाही, हे आपल्यालाच मोजत राहावं लागेल.

तेव्हा करायचं काय? शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमाने दरवर्षी एक अहवाल द्यावा लागतो. कायम आणि बिगर-कायम कामगारांत स्त्रिया किती, सोडून गेल्या किती, बाळंतपणाच्या रजेनंतर परत आल्या किती, हे त्यात असतं. तो सर्वांना खुला असतो. आपल्या भागात अशा कंपनीचा कारखाना असेल तर तो अहवाल काढा आणि गटात बसून वाचा. पण त्यात किती अर्ज आले आणि कितीजणींना बोलावलं ते नसतं. ते मागायचं. लहान कारखाने, हॉटेलं आणि ठेकेदार यांच्यावर तर हे बंधनच नाही. तिथे आपली वही. गावातल्या कुठल्या पोरीने कुठे, कधी अर्ज दिला, उत्तर काय आलं, ते लिहून ठेवा. नाव वहीतच राहील, बाहेर फक्त आकडा जाईल, हा शब्द तिला आधी द्या.

“बायकाच येत नाहीत” असं पुढच्या वेळी कुणी म्हणालं, तर आवाज चढवू नका. वही उघडा.