पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर
(बारामती एमआयडीसीच्या आसपासच्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आपल्या बारामती-इंदापूरकडे फौजेंत नोकरी करून आलेले लोक आहेत. कोणी पुन्हां शेतीला लागतो, कोणी येथें कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला उभा राहतो. गांव म्हणतो, "याची चाकरी झाली, आतां यानें पेन्शन घ्यावी व स्वस्थ बसावें." आमचें म्हणणें उलट आहे. शिपायाची मोठी कामगिरी घरीं परतल्यावरच सुरू होते. पुरावा पाहिजे असल्यास गोपाळबाबा वलंगकरांचें चरित्र पाहा.

बाबा महाडजवळच्या रावढळ गांवचे, महार जातींत जन्मलेले. जन्म १८४० च्या सुमाराचा. फौजेंत ते हवालदार झाले आणि १८८६ सालीं पेन्शन घेऊन दापोलीस राहिले. ज्या जातीच्या पोराला गांवच्या शाळेंत दाराबाहेर बसवीत, तिच्या शिपायांना पलटणींत अक्षरओळख होत असे. बाबांनीं या अक्षराचेंच हत्यार केलें. जोतीराव फुल्यांचे विचार त्यांना पटले. 'दीनबंधु' व 'सुधारक' या पत्रांतून ते लिहूं लागले, आपल्या लोकांसाठीं पद्यें रचूं लागले. १८८८ सालीं त्यांनीं 'विटाळ विध्वंसन' लिहून विटाळ मानणाऱ्यांनाच उलट प्रश्न घातले. प्रश्न विचारण्याचा हक्क ज्याला कोणी दिला नव्हता, त्यानें तो आपण होऊन घेतला.

तोंच सरकारनें घाव घातला. पिढ्यान्‌पिढ्या कंपनीच्या पलटणींत लढलेल्या महारांची भरती १८९३ च्या सुमारास बंद झाली. साहेबांनीं जातींची वांटणी केली, अमक्या लढवय्या आणि तमक्या नव्हेत! बंधूंनो, यांत नुसता पगार बुडाला काय? पगाराबरोबर पेन्शन बुडाली, पेन्शनीबरोबर पोरांची शाळा बुडाली, आणि अंगावरच्या गणवेशामुळें मिळणारा मानही बुडाला.

१८९४ सालीं बाबांनीं भरती पुन्हां सुरू करावी म्हणून अर्ज लिहिला. येथें नीट ध्यान द्या. बाबांची स्वतःची पेन्शन चालूच होती. त्या अर्जांतून त्यांना एक पैही मिळावयाची नव्हती. तो अर्ज मागून येणाऱ्या पोरांसाठीं होता. आपली भाकरी भाजून झाल्यावर दुसऱ्यासाठीं चूल पेटती ठेवणारा असा माणूस विरळा.

१८९५ सालीं महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. वरच्या जातींना तें खपलें नाहीं. वर्तमानपत्रांत वाद माजला. ज्यानें सरकारची बंदूक वाहिली, त्यानें सभेंत शेजारीं बसूं नये, असा हा न्याय! १९०० सालीं रावढळ येथें बाबा वारले. भरतीचें दार तेव्हांही बंदच होतें.

मग ही खटपट फुकट गेली असें कोणी म्हणेल. पण पुढें पाहा. १९१० सालीं पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनीं तीच मागणी पुन्हां सरकारपुढें मांडली. १९१७ सालीं महायुद्धाच्या गरजेपायीं १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली तशी १९२१ सालीं ती मोडली. शेवटीं १९४१ सालीं बेळगांवीं महार रेजिमेंट निघाली, ती आजही आहे. आणि ज्या महाडांत बाबांचें बोर्डावर बसणें लोकांना सोसलें नाहीं, त्याच महाडांत १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं हजारों लोकांसह चवदार तळ्याचें पाणी घेतलें. पेरणाऱ्याच्या हयातींत पीक आलें नाहीं, म्हणून बी खोटें ठरत नाहीं.

तेव्हां पेन्शनर बंधूंनो, पारावर पत्ते कुटीत बसूं नका. शेजारच्या विधवेचा अर्ज लिहून द्या. ग्रामसभेंत उभे राहून हिशेब विचारा. ज्याला कचेरींत जाण्याची भीति वाटते, त्याच्या बरोबर जा. आणि गांवकऱ्यांनो, शिपाई मेल्यावर त्याच्या फोटोला हार घालतां, तसें जिवंतपणीं त्याचें म्हणणेंही ऐका. मग तो कोणत्याही जातीचा असो, त्याला सभेंत पुढें बसवा.