सोळाव्या रस्त्यावरचं चर्च



पँथर हे नाव आपल्या चळवळीनं १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्यांकडून उचललं. त्या काळ्यांच्या एका चर्चबद्दल आज बोलतो. माझा देवाधर्माशी काही संबंध नाही, तरी बोलतो.

अलाबामातलं बर्मिंगहॅम. कोळसा आणि लोखंडावर पोसलेलं हे शहर वसलं १८७१ ला. दोनच वर्षांत, १८७३ मध्ये, तिथल्या काळ्यांनी आपली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली. कालपरवापर्यंत गुलाम असलेली माणसं ही. पुढं शहराच्या कारभाऱ्यांनी त्यांची इमारत पाडायला लावली. यांनी १९११ साली सोळाव्या रस्त्यावर नवी बांधली. नकाशा वॉलेस रेफील्ड या काळ्या वास्तुकाराचा, कंत्राटदारही काळाच. डू बॉइस, पॉल रॉब्सन इथं येऊन बोलून गेले. काळ्यांना दुसरा हॉल देणार कोण?

पण झाकून कशाला ठेवायचं? ही मंडळी बरीचशी सुखवस्तू. मास्तर, डॉक्टर, धंदेवाले. १९६३ ला किंगचा लढा शहरात आला, तेव्हा बर्मिंगहॅममधले असले पांढरपेशे काळे पुष्कळसे मागंमागंच राहिले. नोकरी जाईल, घरावर बॉम्ब पडेल. भीती काही खोटी नव्हती. आपल्याकडचे साहेबलोक आठवले ना?

मग पोरं पुढं आली. २ मे १९६३. शाळा बुडवून शेकडो पोरं याच चर्चच्या दारातून गाणी म्हणत बाहेर पडली आणि थेट पोलिसांच्या गाडीत. दुसऱ्या दिवशी बुल कॉनरनं समोरच्या बागेत त्यांच्यावर बंबाचं पाणी सोडलं, कुत्री सोडली. तुरुंग भरले. आठवड्यात गोरे व्यापारी तडजोडीला आले.

आणि सप्टेंबरची १५ तारीख, रविवार. सकाळी दहा बावीसला पायऱ्यांखालचा डायनामाइट उडाला. तळघरात पोरी आवरत होत्या. ॲडी मे डेनिसच्या झग्याचा पट्टा बांधत होती. ॲडी मे कॉलिन्स, कॅरोल रॉबर्टसन, सिंथिया वेस्ली, तिघी चौदा वर्षांच्या. डेनिस मॅकनेअर अकराची. चौघी गेल्या. त्या दिवसाचा धडा होता क्षमा करणाऱ्या प्रेमाचा. संध्याकाळपर्यंत शहरात आणखी दोन काळी पोरं गोळ्यांनी मेली, त्यातला एक पोलिसाच्या.

खुनी कोण, ते केंद्रीय पोलिसांना लवकरच कळलं होतं. तरी १९६८ ला फाईल बंद. पहिली शिक्षा १९७७ ला, चॅम्ब्लिसला. दुसरी २००१, तिसरी २००२. चौथा संशयित १९९४ ला मेला, त्याच्यावर खटलाच झाला नाही.

चर्च १९६४ ला पुन्हा उघडलं. वेल्समधल्या एका वर्तमानपत्रानं खिडकीसाठी वर्गणी काढली. अट अशी, की कुणीही अडीच शिलिंगच्या वर द्यायचं नाही. एखाद्या शेठजीच्या नावावर खिडकी जायला नको! १९६५ ला जॉन पेट्सची रंगीत काच बसली. तिच्यातला येशू काळा आहे.

ॲडी मेची बहीण सारा त्याच तळघरात होती. बारा वर्षांची. तिचा उजवा डोळा गेला, काचा अंगात राहिल्या. २०२० साली राज्यपालांचं माफीचं पत्र आलं, सत्तावन्न वर्षांनी. तिनं नुकसानभरपाईही मागितली होती. त्यावर पत्रात उत्तर होतं, नंतर बोलू.