मुक्या जिवाचा तातडीचा खर्च

बोका सारखा लघवीला बसतोय, पण थेंबही पडत नाही, किंवा सशाने १२ तासांत तोंडात काहीच घेतलं नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. घरातली पॅरासिटामॉल मांजराला चुकूनही देऊ नका, ती त्याला विष आहे.

नांदेड-लातूरकरांनी उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय ध्यानात ठेवावं. तिथली वेळ आधी फोनवर विचारावी.

पैशांचं बोलायला संकोचू नका. वाचण्याची आशा किती, एकूण खर्च किती, आजार पुन्हा उलटेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आशाच नसेल, तर वेदनामुक्त मरणाचं इंजेक्शन देणं म्हणजे माया कमी पडणं नव्हे. कर्ज काढण्यापूर्वी घरच्यांशी बोला.