बुद्धीचा आकडा आणि आपलं मूल

कात्रजच्या आम्हा बायकांच्या गटातर्फे आज बुद्धी मोजण्याबद्दल बोलणार आहोत. विषय जड वाटेल, पण तो आपल्या दारात येऊन उभा आहे. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी पत्रकं वाटतात : 'दहा बोटांचे ठसे द्या, मुलाची बुद्धी आणि करिअर जाणून घ्या.' आणि कधी शाळेतूनच निरोप येतो, 'मुलाची बुद्ध्यंक चाचणी करून घ्या.' आईच्या पोटात गोळा येतो. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नाही.

ठशांचं आधी सांगून टाकतो. बोटांवरच्या रेषा मूल पोटात असतानाच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. मूल मात्र रोज शिकतं, रोज बदलतं. ठशांवरून बुद्धी किंवा करिअर कळतं, याला शास्त्राचा आधार नाही. त्यासाठी मागतात ते हजारो रुपये मुलाच्या पुस्तकांना आणि सहलीला लावा.

बुद्ध्यंक चाचणी ही वेगळी गोष्ट. ती कशासाठी निघाली, हे कळलं की निम्मी भीती जाते. फ्रान्समध्ये शाळा सक्तीची झाली होती आणि काही मुलं मागे पडत होती. त्यांना जास्तीची मदत द्यायची, पण अशी मुलं ओळखायची कशी? त्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 साली सोपी ते अवघड अशी प्रश्नांची मालिका तयार केली. कोणाला मदत हवी, एवढंच शोधायचं होतं. मुलाची बुद्धी कायमची ठरलेली असते, हे बिने यांना मान्यच नव्हतं.

मग हा आकडा आला कुठून? हिशेब आपल्या किराण्याच्या हिशेबाइतका सोपा आहे. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलांना साधारण जमणारे प्रश्न सोडवले, तर दहाला आठाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. आले 125. सहा वर्षांच्या मुलांचेच प्रश्न जमले, तर 75. आता बहुतेक नव्या चाचण्यांमध्ये मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी करतात. सरासरी 100 धरतात, आणि शंभरातली सुमारे 68 मुलं 85 ते 115 च्या मध्ये येतात. म्हणजे 92 आकडा आला, तर ते मूल अगदी चारचौघांसारखं आहे. त्यावरून घरात रडारड करण्याचं काही कारण नाही.

पण पॅरिसच्या मुलांचे प्रश्न आपल्या मुलांना कसे चालणार? हा प्रश्न धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांना पडला. त्यांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली आणि 1940 साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही आपल्याकडे वापरली जाते. पुढे नागपूरला डॉ. मालिन यांनी वेक्सलर यांची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली. 1955 साली चं. मो. भाटिया यांनी तर लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही करता येईल अशी चाचणी दिली. त्यात ठोकळे जुळवायचे, आकृत्या काढायच्या, चित्राचे तुकडे जोडायचे.

या माणसांनी एवढा खटाटोप का केला? कारण भाषा अडली की बुद्धीही अडल्यासारखी दिसते. आपल्या कात्रज-आंबेगावात बांधकामावर काम करणाऱ्यांची मुलं आहेत, कोणी नांदेडकडून आलेलं, कोणी कर्नाटकातून. घरी एक भाषा, शाळेत दुसरी. अशा मुलाला इंग्रजीत प्रश्न विचारले तर जो आकडा येईल, तो त्याच्या इंग्रजीचा असेल.

आता दुसरी बाजू. या चाचणीत बहुतेक प्रश्नांना एकच बरोबर उत्तर असतं. पण आयुष्यात तसं कुठे असतं? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी 1950 साली आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलं, की आपण सर्जनशीलतेकडे फार दुर्लक्ष केलं. बुद्धी एक नसून तिच्या 120 निरनिराळ्या क्षमता असू शकतात, अशी मांडणी त्यांनी केली. ती साऱ्यांनाच पटली असं नाही. पण पुण्यात तिच्यावर खूप काम झालं. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथल्या मानसशास्त्र विभागात डॉ. उषा खिरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिलफर्ड यांच्या मांडणीवरून आपल्या मुलांसाठी चाचण्या रचल्या.

गिलफर्ड यांचा एक प्रश्न प्रसिद्ध आहे : विटेचे किती उपयोग सांगाल? आमच्या गटात आम्ही तो विचारून पाहिला. भिंत बांधायची, चूल मांडायची, इथून सुरुवात झाली. मग दार अडवायला, कुंडीखाली, पत्रा उडू नये म्हणून वर ठेवायला, मुलांच्या क्रिकेटला स्टंप, लोणच्याच्या बरणीवर वजन, कुटून रांगोळीला लाल रंग. यात तीन गोष्टी बघतात : उत्तरं किती आली, किती तऱ्हेची आली आणि इतरांना न सुचलेलं काय आलं. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांची उत्तरं थांबत नव्हती! ही बुद्धी मार्कांच्या कागदावर दिसत नाही, पण घर तिच्यावर चालतं.

तेव्हा मैत्रिणींनो, शाळेने चाचणी सुचवली तर टाळू नका. मूल हुशारीने बोलतं, पण वाचता-लिहिता अडखळतं, असं असेल तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत तिच्यासाठी सवलती मिळतात. त्या तपासणीत बुद्ध्यंकही पाहतात. मूल मंद नाही, हे अनेकदा याच आकड्याने सिद्ध होतं.

अहवाल हातात आला की मात्र चार प्रश्न विचारा. चाचणी कोणत्या भाषेत घेतली? ती कोणती, आणि तिची प्रमाणं किती जुनी आहेत? कारण पिढ्यांमागून पिढ्यांचे गुण वाढत गेले आहेत, त्यामुळे जुन्या मापाने आकडा फुगतो. त्या दिवशी मूल आजारी, भुकेलं, घाबरलेलं होतं का? आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा : आता आम्ही घरी काय करायचं? आकडा 70 च्या खाली आला, तरी नुसत्या त्यावरून काही ठरवत नाहीत. मूल स्वतःचं जेवण, कपडे, व्यवहार कसं सांभाळतं, तेही पाहावं लागतं.

आणि एक विनंती. तो आकडा पाहुण्यांपुढे, भावंडांपुढे सांगू नका. कमी असेल तर मूल 'मी ढ आहे' असं धरून बसतं, जास्त असेल तर चुकायला घाबरतं. कागद कपाटात ठेवा. त्यावर लिहिलेली मदत मात्र उद्यापासूनच सुरू करा.